सव्वीस बुधवारांची निंदणी

इंदूर
५ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सुमनताई,
साष्टांग नमस्कार.

बावीस जानेवारीला सकाळी मी साडेपाचला उठलो, आंघोळ केली आणि खजरान्याच्या गणपतीला गेलो. बुधवार होता. एकवीस दूर्वांची जुडी वाहिली, प्रसाद घेतला, बाहेर चहा प्यायलो. मग सिटी बसने तलाव समितीच्या कार्यालयात आलो आणि मागच्या रांगेतली खुर्ची धरली. अकरा वाजता तुम्ही उभ्या राहिलात. तुम्ही म्हणालात, निंदणी दर बुधवारी झाली आहे, नोंदवही अच्युतची आहे, तेव्हा तिच्याबद्दल शंका नाही. तरीही काठावर लावलेल्या लव्हाळ्याला दूर्वांनी गिळलं. म्हणजे पाणी उतरवण्याचं कोष्टकच चुकलं, आणि कोष्टक माझं आहे.

मी बसून राहिलो. एवढंच केलं मी त्या दिवशी.

दिवाळीला तुमचं पत्र आलं. तुम्ही विचारलंत, माझ्यावर रागावलास का, तुझी दोन वर्षं माझ्या चुकीपायी गेली. मी पत्र दोनदा वाचलं आणि देवघरात ठेवलं. वसुंधरा म्हणाली, उत्तर लिहा, त्या वाट बघत असतील. फोनवर तुम्हाला ऐकू कमी येतं, म्हणून लिहितो आहे. नाही तर लिहिलं नसतं, हे खरं.

मी रागावलेलो नाही.

तुम्ही नागपूरला बहिणीकडे गेल्यापासून इकडे फार बदल नाही. रामबागेतल्या तुमच्या घरावरून महिन्यातून एकदा जातो. कुलूप ठीक आहे. हरणखेडीचा तलाव यंदा काठोकाठ भरला होता. कोष्टक अजून रद्द झालेलं नाही, म्हणून दिवाळीनंतर सांडव्याच्या फळ्या तुम्ही लिहून दिलेल्या तारखांनाच काढतो आहे. पहिली निघाली. काठ हातभर उघडा पडला आहे. उत्तरेच्या कोपऱ्यातली मूळची लव्हाळ्याची पट्टी शाबूत आहे. मी पावलांनी मोजली, चाळीसच भरली. आपण बारा वाफ्यांसाठी तिथूनच कंद काढले होते, दहातला एकच, तुमच्या सांगण्याप्रमाणे. ती जागा आता भरून आली आहे.

पंधरा डिसेंबरला समितीची बैठक आहे. फळ्या कायमच्या बंद करायच्या, पाणी बाराही महिने भरलेलं ठेवायचं आणि काठाला हिरवळ व पायवाट करायची, असं त्यांच्या मनात आहे. त्यासाठी तुम्ही कोष्टक मागे घेतल्याचा कागद त्यांना हवा आहे. ते तुम्हाला फॉर्म पाठवतील. पाणी उतरलंच नाही तर ती चाळीस पावलांची पट्टी दोन पावसाळ्यांत कुजेल, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुम्हीच मला शिकवलं आहे.

प्रकृतीला जपा.

आपला,
अच्युत

इंदूर
१६ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सुमनताई,
सा. न.

तुमचं पाकीट शुक्रवारी मिळालं. आत फॉर्म होता आणि त्यावर तुमची सही. सोबत चिठ्ठी, की माझ्या नावाने कशाला उगाच अडून राहायचं, समितीत देऊन टाक.

तुम्ही इतक्या लवकर सही कराल असं वाटलं नव्हतं. फॉर्म माझ्या टेबलाच्या खणात आहे.

समितीचा इंजिनिअर सुशांत रोज विचारतो. तो मुलगा वाईट नाही, महूचा आहे, मराठी घरातला. त्याचं बोलणं तुम्हाला माहीत आहे, भावाला भिया म्हणणारं. काल म्हणाला, “अच्युतजी, मॅडमची साइन आली का? साइन आली की मामला खतम. फळ्या बंद, पाणी फुल, मग बोटिंग. संडेला पब्लिक पोहे घेऊन इथेच बसेल भिया.”

मी म्हटलं, नाही आली.

“पोस्टाने मागवली ना? तेच तर. कबूतर पाठवलं असतं तर येऊन गेलं असतं.”

मी खोटं बोललो. नंतर मला वाटलं की आतून काहीतरी होईल, पण काही झालं नाही. फळीची नोंद केली आणि डबा खाल्ला.

ताई, एक गोष्ट सांगायची राहिली आहे. पहिल्या वर्षी निंदणीला काही वेळा मजूर कमी पडले होते. लग्नसराई होती, सोयाबीननंतर गव्हाची कामं होती, सांवेरकडच्या बाया येत नव्हत्या. काही बुधवार पुरती निंदणी झाली नसेल. नोंदवहीत ते आलं नाही. त्याचा वाफ्यांवर किती परिणाम झाला असेल ते तुम्हीच सांगू शकाल. म्हणून वाटतं, फॉर्मची एवढी घाई नको.

तन्वी आत्ता मागून डोकावून गेली. म्हणाली, “बाबा, तुमी येवढं लंबं कोणाला लिहिता हो? व्हॉट्सॅप करून टाका ना, फोटो काढून.” तिची तब्येत आता उत्तम आहे. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.

आपला,
अच्युत

इंदूर
३० नोव्हेंबर २०२५

आदरणीय सुमनताई,
सा. न.

तुमचं कार्ड आलं. त्यावर फक्त दोन ओळी. किती बुधवार? कोणते वाफे?

कॉलेजात मी तुमच्या प्रयोगशाळेत लागलो तेव्हा तुम्ही असंच विचारायचात. मी गावच्या शाळेत शिकलेला. रावेरकडच्या त्या शाळेत वनस्पतिशास्त्र म्हणजे फळ्यावर काढलेलं जास्वंदाचं फूल. तुम्ही पहिल्या महिन्यात माझ्या हातात एक देठ दिलात आणि म्हणालात, डोळे मीट, दोन बोटांत फिरव, गोल आहे का? मी म्हटलं, नाही, कडा लागतात, तीन. तुम्ही म्हणालात, हे गवत नाही. गवतासारखं दिसतं, पण गवत नाही. त्यानंतर बावीस वर्षं मी तुमच्यासाठी लव्हाळे, मोथे वर्तमानपत्रात दाबून वाळवले. त्यातले एकतीस मी अजून डोळे मिटून ओळखतो.

तेव्हा उत्तर देतो. सव्वीसच्या सव्वीस बुधवार. बाराच्या बारा वाफे.

मजूर कमी नव्हते. जनाबाई दर वेळी आठ बाया घेऊन वेळेवर यायची. तिच्यावर ढकललं, ते मागच्या पत्रात होतं. खोटं होतं.

काय झालं ते लिहितो. नोव्हेंबर २०२३ मध्ये, आपण कंद लावले त्याच आठवड्यात, तन्वीला डेंग्यू झाला होता. तुम्ही दवाखान्यात येऊन गेल्या होतात. वीस तारखेला भरती केलं. एकवीसला तिच्या पेशी फार खाली गेल्या. डॉक्टर म्हणाले, आज रात्र बघू. मी दवाखान्यातून खजरान्याला गेलो. तिथे देवळाच्या मागच्या भिंतीवर लोक उलटा स्वस्तिक काढतात, काम झालं की येऊन सुलटा काढतात. मी उलटा काढला. आणि मनात म्हटलं, पोर घरी येईपर्यंत माझ्या हाताने किंवा माझ्या सांगण्यावरून एकही दूर्वा मोडणार नाही. तुझी तुला वाहीन तेवढीच.

हे का म्हटलं, सांगता येत नाही. आमच्या घरी आई दूर्वा ओलांडू देत नसे. अंगणात निवडताना पडलेली काडीसुद्धा ती उचलून तुळशीत टाकायची. मला देवाला देण्यासारखं तेच आठवलं असेल.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता, निंदणीचा पहिला दिवस. दवाखान्यातून तासाभरासाठी तलावावर आलो. जनाबाईच्या बायांनी वाफ्यांच्या कडेच्या दूर्वा उपटून वाटेवर ढीग केला होता आणि त्यावरून पाट्या घेऊन जात-येत होत्या. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, दूर्वा सोडून बाकीचं निंदा.

जनाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “भाऊ, गवत काढायला बोलावलं अन् गवतालाच हात लावू नका म्हणता? इथं दूर्वाच हाये सगळी. मग आमी काय मच्छर मारू?”

मी म्हटलं, देवाचं आहे, राहू दे.

ती म्हणाली, “तुमचा गणपती तळ्यावर येऊन मोजनार हाये का? एका सोंडेनं किती खाईल तो! माझ्या शेळीला घालते. तिलाबी देवानंच केलंय.”

बाया हसल्या. मी हसलो नाही. त्यांना मी बांधावरची बेशरमाची झुडपं तोडायला पाठवलं. त्या दिवशीच्या पानावर लिहिलं, निंदणी पूर्ण, वाफे १ ते १२. तुमच्या कोष्टकात दूर्वांपुढे तुम्ही लाल शाईने लिहिलं होतं, ही पहिल्या पाच आठवड्यांत मुळासकट निघालीच पाहिजे, नाही तर कंद वर येणार नाहीत. मी ते वाचलेलं होतं.

तुम्ही त्या दिवसांत मला दोनदा विचारलंत, निंदणी होते आहे ना. तुमचा गुडघा दुखत होता, तुम्ही बांधाखाली उतरत नव्हतात. मी हो म्हटलं.

फॉर्म अजून खणातच आहे.

आपला,
अच्युत

इंदूर
७ डिसेंबर २०२५

आदरणीय सुमनताई,
सा. न.

तुमचं उत्तर नाही. येईल असं धरून चालत नाही. तरी लिहितो, कारण मागचं पत्र टाकून आल्यावर लक्षात आलं की तेही पूर्ण नव्हतं. वाचणाऱ्याला वाटेल, बापाने पोरीसाठी नवस केला, त्यात बिचाऱ्याचं काय चुकलं. वसुंधरेला मी सगळं सांगितलं, तेव्हा ती तेच म्हणाली. मग तिने बोटांवर दवाखान्यातले दिवस मोजले.

तन्वी नऊ डिसेंबरला घरी आली. एकोणीस दिवस. मी दहाला जाऊन भिंतीवर सुलटा स्वस्तिक काढला. नवस संपला. त्यात तीन बुधवार गेले होते. तुमचे पाच आठवडे अजून संपायचे होते. त्या दिवशी जरी बायांना वाफ्यांत उतरवलं असतं तरी चाललं असतं.

तीन बुधवार नवसाचे. उरलेले तेवीस माझे.

त्या तेवीस बुधवारांचं कारण सांगायला माझ्याकडे देव नाही. दूर्वा तोवर वीतभर पसरल्या होत्या. काढायला घेतल्या असत्या तर तुम्हाला दिसलं असतं की आधी काढलेल्याच नाहीत. मला विचारलं असतंत आणि मला सांगावं लागलं असतं. पुढच्या बुधवारी सांगू म्हटलं. मग त्याच्या पुढच्या. जानेवारीत समितीचे साहेब आले, काठावरचा तो हिरवा गालिचा बघून म्हणाले, “क्या ग्रीनरी है अच्युतजी, कमाल कर दिया।” बरोबरच्या लोकांनी त्यावर बसून फोटो काढले. बावीस वर्षांत मला कुणी तसं म्हटलं नव्हतं. तुम्ही चांगलं म्हणायचात, पण ते एकेका कागदाच्या घडीबद्दल, काडी नीट बसली आहे म्हणून. मला ते साहेबांचं आवडलं होतं. हेही तुम्हाला माहीत असलेलं बरं.

पुढच्या जानेवारीत बैठकीत तुम्ही तुमचंच कोष्टक चुकलं म्हणालात, माझ्या वहीवर विश्वास ठेवून. तुमच्या डोळ्यांना काहीतरी वेगळं दिसत असेल. दूर्वांच्या मुळ्यांचं जाळं दोन बोटं जाड झालं होतं, आठवड्याला निघणाऱ्या गवताचं तसं होत नाही. तुम्ही ते पाहिलं असणार. तरी वही खरी मानलीत.

आता यंदाचं. पंचवीस ऑक्टोबरपासून मी रोज सकाळी कामाच्या आधी चौथ्या वाफ्यात उतरतो आणि दूर्वा काढतो. कुणाला सांगितलं नाही. पहिल्या दिवशी खुरपं मातीला लावून बसून राहिलो, काही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी काढायला सुरुवात केली. मुळासकट, तुम्ही सांगितल्याप्रमाणे, गाठी तुटू न देता. काढलेल्या दूर्वा जनाबाईच्या शेळीला जातात. ती म्हणते, “आता कसं शहाण्यासारखं करता भाऊ. दोन वर्षं लागली, पन आली अक्कल.” तिला वाटतं मी वरून हुकूम आला म्हणून करतो आहे.

सहा आठवडे झाले. काल चौथ्या वाफ्यात कोंब दिसले. मी अकरा मोजले. जुने कंद मातीत तग धरून होते. एक देठ दोन बोटांत फिरवला. तीन कडा लागल्या.

अकरा हे पुरेसे आहेत की नाहीत, मला कळत नाही. शेजारच्या पाचव्या वाफ्यात दूर्वा तशाच ठेवल्या आहेत. पाणी तेच, उतरण्याची तारीख तीच. तिथे एकही कोंब नाही. तुम्ही असतात तर म्हणाल्या असतात, एका वाफ्यावरून निष्कर्ष काढू नये. काढत नाही. फक्त दिसलं ते लिहिलं.

मला आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. मी बराच वेळ बांधावर बसलो होतो. एक पाणकोंबडी तिच्या कामाने फिरत होती. मग नऊ वाजले आणि हजेरी घ्यायला गेलो.

आपला,
अच्युत

इंदूर
१६ डिसेंबर २०२५

आदरणीय सुमनताई,
सा. न.

काल बैठक झाली.

आदल्या रविवारी मी निवेदन लिहिलं. हिंदीत लिहावं लागलं, समितीचं काम हिंदीत चालतं. तन्वीने चुका काढून दिल्या. तिला तोवर नवसाचं ठाऊक नव्हतं. वाचता वाचता थांबली, म्हणाली, “म्हणजे माझ्यामुळे?” मी म्हटलं, तीन बुधवार. बाकीचे नाही. तिने पुढचा परिच्छेद वाचला आणि निंदणीसाठी लिहिलेल्या ‘निराई’ची वेलांटी सुधारली. मग म्हणाली, “नोकरी जाणार ना बाबा?” मी म्हटलं, बहुतेक. ती म्हणाली, “ठीक आहे. आई को मत डराना.”

सकाळी मी जनाबाईला सोबत चल म्हटलं. ती आधी नको म्हणाली, साहेब लोकांत आमचं काय काम. मग नवं लुगडं नेसून आली. मला साक्षीदार लागणार होता. निंदणी झाली नव्हती हे माहीत असलेलं माणूस तीच.

बैठकीला नऊ जण होते. आधी हिरवळीच्या कामाचं झालं. मग सुशांतने फाईल उघडली आणि माझ्याकडे हात केला, मॅडमचा कागद. मी म्हटलं, मला आधी एक वाचायचं आहे. तो खालच्या आवाजात म्हणाला, “अरे भिया, आत्ता कशाला? जेवायच्या वेळी वाचू.” मी उभा राहिलो.

वाचायला चार-पाच मिनिटं लागली. नवसाचं एका ओळीत ठेवलं, त्यावर भर दिला नाही. सव्वीस तारखा वाचल्या. प्रत्येक तारखेपुढे म्हटलं, निंदणी झाली नाही. नोंद खोटी. आठव्या-नवव्या तारखेला साहेब म्हणाले, “बस, बस, समझ गए।” मी म्हटलं, सगळ्या वाचतो, आणि वाचल्या. मग चौथ्या आणि पाचव्या वाफ्याचं सांगितलं. शेवटी म्हटलं, जानेवारीत डॉक्टर सुमनताईंनी जो दोष स्वतःकडे घेतला तो माझ्या खोट्या नोंदींवरून घेतला, त्यांच्या कोष्टकाची परीक्षा या तलावावर अजून झालेलीच नाही.

साहेब म्हणाले, “अच्युतजी, आप समझ रहे हैं आप क्या बोल रहे हैं?”

मी म्हटलं, जी.

त्यांनी जनाबाईला विचारलं, हे खरं का. ती म्हणाली, “खरं हाये साहेब. पन मानूस चोर नाही. येडा हाये.” दोघं-तिघं हसले. साहेबही हसले, मग एकदम थांबले.

मला बाहेर बसवलं. पाऊण तास. व्हरांड्यात भानुमतीबाई, तिथल्या शिपाई, त्यांनी पाणी आणून दिलं. आत बोलावल्यावर सांगितलं की माझी देखरेखीची नेमणूक आजपासून रद्द. चौकशी होईल. कॉलेजला कळवतील, त्यामुळे तिथे परत जाण्याचा प्रश्न नाही. फळ्यांचा निर्णय होळीपर्यंत थांबवला आहे. कोणी बाहेरचे अभ्यासक येऊन दोन्ही वाफे बघतील. तोपर्यंत पाणी तुमच्या कोष्टकाप्रमाणे उतरेल. वहीवर आता दोन सह्या लागतील, एक जनाबाईची. ती अंगठा करते, म्हणाली सही शिकून घेईन. उत्तरेच्या पट्टीचं निदान होळीपर्यंत काही होणार नाही. त्यापुढचं मला सांगता येत नाही.

सुशांत जिन्यापर्यंत आला. म्हणाला, “यार अच्युतजी, तुम्ही मला तरी आधी सांगायचं ना.” मग म्हणाला, “चौथा वाफा मी बघत जाईन.” मला त्याच्याकडून याची अपेक्षा नव्हती.

चाव्या दिल्या. घरी आलो, वसुंधरेने पिठलं केलं होतं, जेवलो. झोप लागली. आज सकाळी उठल्यावर तलावावर जायचं नाही हे आठवायला थोडा वेळ लागला. देवाची पूजा केली. दूर्वा वाहिल्या. मोकळं वाटलं नाही. वाटेल तेव्हा वाटेल.

तुम्ही मला क्षमा करावी म्हणून हे लिहीत नाही. तुमचं उत्तर आलं नाही, ते मला बरोबर वाटतं. फक्त एक विनंती आहे, तुमची कोष्टकाची मूळ वही अडगळीत टाकली असेल तर ज्या कपाटात असेल तिथून परत काढा. होळीच्या आत त्या अभ्यासकांना ती लागेल आणि ते तुम्हालाच विचारतील, मला नाही.

निवेदनाची प्रत सोबत आहे, समितीच्या शिक्क्यासह. तुम्ही सही केलेला फॉर्म मी खणातून काढून बैठकीला नेला होता, शर्टाच्या खिशात. साहेबांनी दोनदा मागितला. मी तो सर्वांसमोर आडवा-उभा फाडला, तुकडे टेबलावर ठेवले, आणि माझ्या निवेदनाखाली सही करून ते त्यांच्या हातात दिलं.

आपला,
अच्युत